रिकाम्या बाऊलमधलं सूप

मित्रांनो, मी एक जुना नॅपकिन आहे. कागदी नव्हे हं, चांगला जाड सुती. कागदी नॅपकिनांवर माझा राग नाही, पण त्यांची माझी बरोबरी करू नका. ते बिचारे एकदा तोंड पुसलं की केराच्या डब्यात जातात. मी धुतला जातो, मला खळ लागते, उन्हात वाळतो आणि इस्त्री होऊन ताठ मानेने परत टेबलावर येतो. अंगात थोडी मिजास आहे माझ्या, हे आधीच सांगून टाकतो. कडक इस्त्रीत आयुष्य गेल्यावर एवढं व्हायचंच.

माझा जन्म समुद्रात झाला. प्रवासी बोटीवरच्या मोठ्या जेवणघरात एक लांबलचक टेबलक्लॉथ होता, त्याच्या पोटी मी होतो. वादळ आलं की वाढपी त्या टेबलक्लॉथवर पाणी शिंपडायचे. ओल्या कापडावर ताटल्या घसरत नाहीत ना! बोट कितीही डुलली तरी पाहुण्यांच्या मांडीवर सूप सांडायचं नाही. पण एका दुपारी तापलेलं भांडं कलंडलं आणि कापडाला मधोमध ताटाएवढं भोक पडलं. सगळे म्हणाले, "टाका आता." जेवणघर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "टाका काय? चांगला भाग अजून बराच आहे." त्यांनी कात्री घेतली, जळकं तेवढं काढलं आणि उरलेल्याचे चौकोन कापून स्वतःच्या हाताने कडा शिवल्या. त्या चौकोनांतला एक मी.

बोटीवरचे लोक बाईंना कप्तानबाई म्हणायचे. खरा कप्तान वर असायचा, पण जेवणघरात हुकूम बाईंचा चालायचा. त्या कधी ओरडल्या नाहीत. नुसत्या बघायच्या, आणि वाढपी आपोआप सरळ उभे राहायचे. मी त्यांना पहिल्यापासून मानतो. असं माणूस पुन्हा बघितलं नाही.

बोटीची नोकरी संपल्यावर बाईंनी एका गावात लाँड्रीच्या वर खोली घेतली आणि शिकवणी सुरू केली. दारावर पाटी लावली, 'टेबलावर जेवण्याचे शिक्षण'. खालचा लाँड्रीवाला पाटी वाचून पोट धरून हसला. म्हणाला, "बाई, जेवायला कोण शिकतं हो? पोर जन्मल्या जन्मल्या शिकून येतं!"

"खायला शिकून येतं," बाई म्हणाल्या. "चार माणसांत जेवायला शिकून येत नाही."

आणि लोक यायला लागले की! नवी नोकरी लागलेले, बढती मिळालेले, मुलीच्या होणाऱ्या सासरी जेवायला बोलावणं आलेले. साहेबासमोर काटा कुठल्या हातात धरायचा या चिंतेने झोप उडालेले. एक पहिलवान आला, त्याने मला सरळ गळ्यात खोचलं, जसं काही न्हाव्याकडे दाढीला बसलाय. शेवटच्या धड्याला एका डॉक्टरांनी पावाचे सुरीने असे तुकडे केले की मला पावाची दया आली. एका बाईसाहेबांनी तर माझ्यात नाक शिंकरलं. त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

कप्तानबाई कुणालाही हसल्या नाहीत. पहिलवानाला म्हणाल्या, "मांडीवर घ्या त्याला. अर्धी घडी, घडीची बाजू आपल्याकडे. ओठ आतल्या बाजूने टिपायचे, म्हणजे डाग कुणाला दिसत नाही. जरा उठून जायचं असेल तर खुर्चीवर ठेवा. जेवण झालं की ताटाच्या डावीकडे, सैलसा. झालं. एवढंच आहे त्यात." चमचा खाली पडला आणि कुणी टेबलाखाली वाकायला लागलं तर म्हणायच्या, "राहू द्या त्याला तिथेच. दुसरा मागा." विद्यार्थ्याचा लाल झालेला चेहरा हळूहळू पूर्ववत व्हायचा.

मित्रांनो, मांडीवर बसण्याचा एक फायदा असतो. टेबलाच्या वर सगळे हसत असतात. खाली गुडघे काय करतात ते फक्त आम्हाला कळतं. मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे गुडघे मी लटलटताना अनुभवले आहेत. वर मात्र "वा, फारच छान!" चालू. पोटही आमच्या डोक्यावरच असतं, त्यामुळे त्याचंही सगळं ऐकू येतं.

बाईंच्या शिकवणीत एक गंमत होती. तिथे खायला काही नसायचं. टेबल मांडलेलं, काटे, सुऱ्या, चमचे, ताटल्या, सूपचे बाऊल, पाण्याचे ग्लास, सगळं जागच्या जागी, आणि सगळं रिकामं. खोलीला स्वयंपाकघरच नव्हतं. बाईंचं म्हणणंही तसंच होतं. "भरलेलं ताट समोर आलं की माणूस शिकायचा थांबतो आणि जेवायला लागतो. आधी हात शिकू दे." मग सगळे हवेचं सूप प्यायचे. चमचा आपल्यापासून पलीकडे न्यायचा, वर आणायचा, कडेने ओठाला टेकवायचा, परत खाली. बाऊलला चमचा लागून टण् वाजला की बाईंच्या भुवया वर जायच्या. शेवटच्या धड्याला मात्र त्या सगळ्यांना कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात न्यायच्या आणि खरं जेवण द्यायच्या. तिथे हात आणि तोंड यांची ओळख व्हायची.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतोय त्या काकांकडे येतो.

एका संध्याकाळी दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. केसांत लाकडाचा भुसा, हात खडबडीत, चपला बाहेर काढू की नको अशा विचारात. ते साचेवाले होते. बूट शिवताना आत पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा घालतात आणि त्यावर चामडं ताणतात, तो ठोकळा म्हणजे साचा. काकांचा साच्यांचा कारखाना होता, वडिलांच्या वेळचा.

"बाई," काका म्हणाले, "मला माणसांत जेवायला शिकवा."

"आत्ता कुठे जेवता?"

"यंत्राशेजारी. डबा उघडला, खाल्ला, बंद केला. घरीही तसंच. बायको दुसरी पोळी वाढायला येते तोवर मी हात धुऊन उठलेलो असतो."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. काका अगदी कडेवर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांचे निम्म्याहून जास्त साचे एकाच बुटाच्या कंपनीला जायचे. कंपनीच्या जुन्या मालकांनंतर आता त्यांची मुलगी कारभार बघत होती. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. कंपनीतल्या खरेदीच्या साहेबांचं मत पडलं होतं की लाकडी साचे बंद करावेत, प्लास्टिकचे मागवावेत. मोठ्या बाईंनी अजून ठरवलं नव्हतं. त्यांची एक पद्धत होती. कुणाशीही पुढचा मोठा व्यवहार करायच्या आधी त्या एकदा त्याच्या घरी जेवायच्या. आता त्या काकांकडे जेवायला येणार होत्या.

"त्यांनी नाही म्हटलं तर कारखाना बंद," काका म्हणाले. "माझं एक वेळ जाऊ द्या. माझ्याकडची माणसं लहानपणापासून साचेच करतायत. दुसरं काय करणार ती? आणि मी हा असा. सूप प्यायलो तर शेजारच्या घरात ऐकू जातं."

"मग तेवढं बंद करू," बाई म्हणाल्या. "बाकीचे तुम्ही चांगले आहात."

पहिल्याच दिवशी मी काकांच्या मांडीवर गेलो. काय सांगू तुम्हाला! या माणसाने रिकामा बाऊलसुद्धा सगळ्यांच्या आधी संपवला. इतर विद्यार्थी हवेचा दुसरा चमचा घेत होते आणि काका चमचा ठेवून मोकळे. वर हवा पिताना फुर्र आवाजही काढला. सगळे खो खो हसले. काकाही हसले, पण माझ्याखाली त्यांचे गुडघे घट्ट आवळलेले होते.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही यजमान आहात. पाहुण्याचं ताट संपेपर्यंत तुमचं संपता कामा नये. शेवटचा चमचा त्यांचा, मग तुमचा. बघत राहायचं."

"ताटात बघायचं?"

"ताटात नाही हो, माणसाकडे. ताट आपोआप दिसतं."

हे काकांना पटलं. तसा हा माणूस हाताचा फार हुशार. लाकडावर बोट फिरवून केसभर उंचवटा सांगायचा. ते म्हणायचे, "माझ्या डोक्यात एखादी गोष्ट जायला वेळ लागतो, पण हाताला एकदा बसली की बसली." आणि खरंच, आठवड्याभरात त्यांचा चमचा असा फिरायला लागला की बाकीचे बघत बसायचे. टण् नाही, फुर्र नाही. पलीकडे, वर, ओठाला, खाली. पलीकडे, वर, ओठाला, खाली. मला तर अभिमान वाटायला लागला होता, जसा काही मीच शिकवत होतो.

घरी सराव करायला बाईंनी मला काकांबरोबर पाठवलं. घरी काकू होत्या आणि काकूंची धाकटी बहीण. तिला घरात सगळे धाकटीच म्हणायचे. ती कारखान्यातल्या सगळ्यांचा स्वयंपाक करायची, आणि तिच्या हाताला चव होती असं जो तो सांगायचा. काका जे शिकून यायचे ते काकूंना शिकवायचे. दोघं समोरासमोर बसायची आणि रिकाम्या बाऊलमधून गंभीरपणे सूप प्यायची. पहिल्या दिवशी धाकटी दारातच थबकली.

"ताई, बरं वाटतंय ना तुम्हा दोघांना?"

"गप गं. सराव चाललाय," काकू म्हणाल्या.

"कसला? उपासाचा?"

काकूंनाही हसू आवरेना. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघं बसली. नवराबायको इतका वेळ समोरासमोर बसलेली त्या घराने बऱ्याच वर्षांत पाहिली नसावीत. काकू मधेच म्हणाल्या, "अहो, तुमच्या भुवईत पांढरा केस कधी आला?" काका म्हणाले, "मला काय माहीत? मला कुठे दिसते भुवई?" मला ते जेवण फार आवडलं, खायला काही नव्हतं तरी.

शेवटचा धडा उरला होता, हॉटेलातला. त्याच्या आधीच मोठ्या बाईंचा फोन आला. पुढच्या आठवड्यात त्या परगावी जाणार होत्या, म्हणून उद्याच दुपारी जेवायला येते म्हणाल्या.

काका मला घेऊन धावत शिकवणीवर आले. "बाई, उद्याच!"

"अरे देवा. खऱ्या जेवणाचा धडा राहिला की."

"राहू द्या हो. हात बसलाय आता."

"तुमचा बसलाय खरा," बाई म्हणाल्या, पण थोडा वेळ विचारात पडल्या. मग त्यांनी माझ्या जोडीला माझी तीन भावंडं काढली. आम्ही चौघं अजून पांढरेशुभ्र होतो. "चार माणसं ना? घेऊन जा. आणि काकू टेबलावर बसतील, स्वयंपाकघरात नाही. यजमानीण आत राहिली तर पाहुण्याला खाणावळीत आल्यासारखं वाटतं."

"तुम्ही या ना."

"मास्तर मागे उभा असला की यजमानाचा विद्यार्थी होतो. जा, काही होत नाही."

दुसऱ्या दिवशीचं टेबल मी कधी विसरणार नाही. कारखान्यातल्या लोकांनीच ते टेबल घासूनपुसून लखलखीत केलं होतं. धाकटी पहाटेपासून चुलीशी होती. टोमॅटोचं सूप, ताजा पाव, भाजलेली कोंबडी, लोणी लावलेल्या भाज्या. सूपचा वास असा सुटला होता की माझ्यासारख्या कापडाच्या तोंडालाही पाणी सुटावं. मी मात्र घाबरलेला होतो. टोमॅटोचा डाग माझा जुना वैरी आहे.

मोठ्या बाई आल्या. वयस्कर, काठी टेकत चालणाऱ्या, आवाज मऊ. सोबत खरेदीचे साहेब, हातातला फोन मांडीवर ठेवून बसलेले. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तेव्हा तो फोन खिशात गेला. काकूंनी नॅपकिन अगदी शिकवल्याप्रमाणे उलगडला. काकांनी मला मांडीवर घेतलं. अर्धी घडी, घडीची बाजू आपल्याकडे. शाब्बास, म्हटलं मी मनात.

धाकटीने सूप वाढलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभी राहिली.

काकांनी पाहुण्यांकडे पाहून मान हलवली आणि चमचा उचलला. पलीकडे, वर, ओठाला, खाली. काय देखणा हात! थेंब नाही, आवाज नाही. मोठ्या बाईंनीही चमचा उचलला. गप्पा सुरू झाल्या. काका त्यांच्याकडे बघत होते, बोलत होते, मधेच पावाचा तुकडा हाताने मोडून नीट बाजूला ठेवत होते. सगळं कप्तानबाईंनी सांगितल्याप्रमाणे. मग त्यांनी ओठ टिपायला मला वर नेलं आणि माझ्या काळजात धस्स झालं.

ओठांवर नावापुरता ओलावा होता. सूपचा वास होता, सूप नव्हतं.

मी परत मांडीवर आलो आणि कान दिला. वर पोटात कावळे ओरडत होते! चमचा भरून वर जात होता, ओठाला टेकत होता आणि तसाच भरलेला खाली येत होता. काकांचं सगळं लक्ष मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर आणि चमच्याच्या वाटेवर. गिळायचंही असतं हे या शिकलेल्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. समोर काकूही तेच करत होत्या. त्यांना शिकवलं कुणी? काकांनी. कशावर? रिकाम्या बाऊलवर!

ओरडून सांगावं असं वाटलं मला. पण नॅपकिनाला तोंड पुसता येतं, तोंड उघडता येत नाही.

पुढचं मला नंतर कपड्यांच्या पिशवीत कळलं. मोठ्या बाईंच्या मांडीवर माझं एक भावंड होतं, त्याने सांगितलं. मोठ्या बाई दोन चमचे प्यायल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की यजमान पीत नाहीत, यजमानीणही पीत नाही. सूप चांगलं लागत होतं, पण बोलायचं कसं? काही बिघडलंय आणि संकोचाने सांगत नाहीत, असं त्यांना वाटलं. मग त्याही चमचा नुसता ओठाला लावायला लागल्या. त्यांचं बघून खरेदीच्या साहेबांनीही तेच धरलं. झालं! टेबलाभोवती चार माणसं, चार भरलेले बाऊल, चार चमचे वरखाली, आणि आता एकाच्याही घशाखाली थेंब जात नव्हता. काका पाहुण्यांचं संपायची वाट बघतायत, पाहुण्या काकांची. एवढी सभ्यता एका टेबलावर मी बोटीवरसुद्धा पाहिली नव्हती.

सूप गार झालं. त्यावर साय धरली. दारामागून धाकटी बघत होती. आधी तिला वाटलं सावकाश जेवतायत. मग ती पाण्याचा जग घेऊन बाहेर आली, तेव्हा तिला चारही बाऊल भरलेलेच दिसले. ती तिथेच थांबली.

"एवढं वाईट झालंय?" तिने विचारलं. "कुणीच थेंबभर नाही घेतलं?"

काकूंच्या हातातला चमचा मधेच थांबला. काकांनी पहिल्यांदाच खाली आपल्या बाऊलकडे पाहिलं. मला कळलं, त्यांच्या ध्यानात आलं. माझ्याखालचे गुडघे एकदम गार पडले.

तेवढ्यात खरेदीचे साहेब मदतीला धावले. "असू द्या हो," ते हसत म्हणाले. "मीठ जरा जास्त पडलं असेल. स्वयंपाक करताना होतं कधी कधी. आपण पुढचं घेऊ ना. काय, साचेवाले?"

मित्रांनो, बघा कशी सोपी वाट होती. नुसती मान हलवायची होती. बाऊल उचलले गेले असते, कोंबडी आली असती, काकांचा चमचा, काकांचा मान सगळं जागच्या जागी राहिलं असतं. फक्त जग घेऊन उभ्या असलेल्या धाकटीची मान खाली गेली असती, आणि ती तर गेलेलीच होती. समोर मोठ्या बाई बसल्या होत्या. सगळा कारखाना त्यांच्या एका शब्दावर होता.

काका उठून उभे राहिले. मला खुर्चीवर ठेवायला हवं होतं, पण ते विसरले. मी त्यांच्या मुठीत होतो.

"मीठ बरोबर असणार," ते म्हणाले. "हिच्या हातून मीठ चुकत नाही. सूप मी प्यायलोच नाही."

"का बरं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मला चार माणसांत जेवता येत नाही. तुम्ही येणार म्हणून शिकवणी लावली. तिथे रिकाम्या बाऊलवर शिकवतात. शेवटी खऱ्या जेवणाचा धडा असतो, तो राहिला. हात शिकला आणि तोंड राहिलं. बायकोलाही मीच शिकवलं, म्हणून तीसुद्धा उपाशी बसली आहे." ते धाकटीकडे वळले. "तू पहाटेपासून उभी आहेस, आणि मी वेडा तुझं सूप ढवळत बसलो. चुकलो गं."

अहो, काय सांगू! बाईंच्या टेबलावर मी साहेब पाहिले, सरदार पाहिले, बोटीवर तर कोण कोण पाहिले. काटा कसा धरावा हे त्यांना पाठ होतं. पण असं भर टेबलावर उठून, स्वतःचं नाक कापून घेऊन, स्वयंपाक करणाऱ्याची मान वर करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. माझी घडी मोडली होती, इस्त्री गेली होती, तरी मला इतकं ताठ कधी वाटलं नव्हतं.

मोठ्या बाईंचे खांदे गदगदायला लागले. त्यांनी तोंडावर नॅपकिन दाबला, पण हसू काही थांबेना. "म्हणजे," त्या श्वास घेत म्हणाल्या, "म्हणजे मी एवढं चांगलं सूप तुमच्याकडे बघून सोडलं? मला वाटलं काही पडलं असेल त्यात!"

"आणि मी तुमच्याकडे बघून," खरेदीचे साहेब ओशाळून म्हणाले.

मग काय, काकूही हसल्या, काकाही हसले. धाकटी एका डोळ्याने रडत होती आणि एका डोळ्याने हसत होती. मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "गरम करून आणाल का पुन्हा? आणि स्वतःसाठीही आणा. त्या खिडकीजवळची खुर्ची ओढा बरं इकडे."

"मी नको. मला ते काटेचमचे काही जमत नाहीत."

"इथे कुणाला जमतंय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

खुर्ची काकांनी ओढून दिली. पण नॅपकिन चारच होते. काकांनी मुठीतला मी धाकटीच्या हातात ठेवला. आपला नॅपकिन दुसऱ्याला देणं नियमाने अगदी चूक आहे, कप्तानबाई असत्या तर त्यांच्या भुवया वर गेल्या असत्या. पण तसाही मी कोराच होतो. धाकटीने आधी डोळे पुसले, मग मला मांडीवर पसरलं. घडी उलटीच होती. मी काही बोललो नाही.

सूप गरम होऊन आलं. काकांनी पहिला चमचा घेतला, गिळला आणि डोळे मिटले. मग न राहवून दुसरा चमचा फुर्र करून घेतला. काकूंनी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. मोठ्या बाईंनी दोन वेळा सूप मागून घेतलं. धाकटीच्या हातून एक मोठा लाल थेंब माझ्यावर पडला, आणि आश्चर्य म्हणजे मला त्याचं काही वाटलं नाही.

जेवण झाल्यावर काकांचा धीर सुटत चालला होता. पाव कसा मोडला, नॅपकिन कुठे ठेवला, याची आता त्यांना फिकीर नव्हती. त्यांनी दबकत विचारलं, "मग बाई, साच्यांचं...?"

"प्लास्टिकचे वापरून पाहिलेत तर—" साहेबांनी सुरुवात केली.

मोठ्या बाईंनी हात वर केला. "या साहेबांनी मघाशी तुम्हाला पळवाट दिली होती," त्या काकांना म्हणाल्या. "तुम्ही ती घेतली नाहीत. माप चुकलं की चामड्याला दोष देणारे साचेवाले मी खूप पाहिलेत. साचे तुमच्याकडूनच येतील." त्या काठी टेकत उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दिशेने वळून म्हणाल्या, "आणि पुढच्या वेळी टेबल पाच माणसांचं मांडा."

काकू आत जाऊन चक्क रडल्या.

कप्तानबाईंना काकांनी सगळं सांगितलं तेव्हा आधी त्या इतक्या हसल्या की खालचा लाँड्रीवाला बघायला वर आला. मग खिडकीपाशी गेल्या. म्हणाल्या, "काका, इतक्या लोकांना शिकवलं, पण स्वयंपाक करणाऱ्याकडे बघायला कधी शिकवलं नाही. तुमचं नाव मी सगळ्यांना सांगणार." तेव्हापासून पहिल्या धड्यालाच लाँड्रीवाल्याच्या स्टोव्हवर सूप उकळतं, आणि ज्याने उकळलं त्यालाही टेबलावर जागा असते. बहुतेक वेळा तो लाँड्रीवालाच असतो. सगळ्यात जास्त तोच पितो.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझी एक कड उसवली आहे, मधला भाग विरळ झाला आहे. तो लाल डाग किती धुतला तरी गेला नाही, म्हणून पाहुण्यांसमोर मला कुणी काढत नाही. कधी कधी घाईत कुणीतरी माझ्याने टेबलही पुसतं. वाईट वाटतं हो. आमच्यासारख्या जुन्या कापडांना जरा जपा. टोमॅटोचा डाग लगेच गार पाण्यात टाका, उद्यावर ठेवू नका. आणि कृपा करून आमच्यात नाक शिंकरू नका.

काटा डावीकडे की उजवीकडे हे विसरलात तर विसरा, शेजाऱ्याकडे बघून कळतं. पण जेवायला बसाल तेव्हा एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघा. तिथे कुणी उभं असेल तर चमचा खाली ठेवा, उठा, आणि आधी त्यांच्यासाठी खुर्ची ओढा.